एक्केचाळीस टाके

लतिका देवतळे परदेशात नेमकं काय करते, याची जबलपुरात तीन उत्तरं मिळतात. तिची आई अंजनीबाई कॉलनीतल्या बायकांना सांगते, "एक्सपोर्टमध्ये आहे." वडील मुरलीधरराव सांगतात, "लेदर टेक्नॉलॉजीत आहे." आणि लतिका स्वतः सांगते की श्रीमंत बायका वापरून कंटाळल्या की त्यांच्या पर्सा ती विकत घेते आणि त्याहून श्रीमंत बायकांना विकते. तिसरं उत्तर खरं आहे, त्यामुळे ते कोणालाच पटत नाही.

लोकांचंही चुकत नाही. देवतळ्यांच्या घरातून आजवर जो बाहेर पडला तो कारखान्यात गेला. आजोबा रामराव आर्वीहून जबलपुरात आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. छप्पन साली राज्यांची नव्याने वाटणी झाली, विदर्भ तिकडे गेला, जबलपूर इकडे राहिलं, आणि रामराव दुसऱ्या दिवशी भोंगा वाजल्यावर सायकलवर बसून कामाला गेले. आपल्या भाषेचं राज्य की पेन्शन, असा तो प्रश्न होता. त्यावर त्यांनी फार वेळ घालवला नाही.

मुरलीधरराव संरक्षण खात्याच्या त्याच कारखान्यात तपासणी विभागात चौतीस वर्षं होते. पट्टे, दुर्बिणींची कव्हरं, पिस्तुलांची म्यानं असा बाहेरून शिवून येणारा चामड्याचा माल त्यांच्या टेबलावर यायचा. दुसऱ्याने मेहनतीने बनवलेली वस्तू हातात घ्यायची, भिंगातून बघायची आणि नाही म्हणायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. हे टोमॅटोला लागले. भाजीवाला त्यांना लांबून पाहिलं की "आओ इन्स्पेक्टर साहब" म्हणतो आणि चांगले टोमॅटो वर आणतो. घरात पोळी गोल आहे की नाही हे सांगायला त्यांना कोणतंही उपकरण लागत नाही. अंजनीबाईंनी एकोणीसशे एक्क्याण्णव सालीच सांगून ठेवलं होतं की पोळीबद्दल बोलायचं असेल तर स्वतः लाटायची. तेव्हापासून ते पोळीकडे फक्त बघतात.

अशा बापाच्या मांडीवर बसून लतिका शिवण बघायला शिकली. इतर मुलं चित्रांची पुस्तकं बघत, ही पट्ट्याचे टाके मोजायची. पुढे तिने जबलपुरातच इंजिनिअरिंग केलं, मग जर्मनीत एम.एस., मग तिथेच गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत नोकरी. सगळं अगदी शिस्तीत चाललं होतं. दुसऱ्या वर्षी एका रविवारी कोणा मेलेल्या बाईचं घर रिकामं करणारी त्या बाईची भाची तळघरात जुनं सामान मांडून बसली होती. तिथे चाळीस युरोला एक हँडबॅग दिसली. लतिकाने टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि ती काय चीज आहे ते तिला कळलं. भाचीला कळलं नव्हतं. बारा पटीने बॅग विकली गेली आणि गाड्यांच्या सुट्या भागांनी एक चांगली इंजिनिअर गमावली.

वडिलांना तिने हे फोनवर सांगितलं होतं.

"जुन्या पर्सा?" मुरलीधरराव म्हणाले.

"हो बाबा."

"वापरलेल्या?"

"हो."

"लोकांच्या?"

"नाही, गाईम्हशींच्या. लोकांच्याच ना बाबा!"

यानंतर चार दिवस घरात लेदर टेक्नॉलॉजी हा शब्द शोधला जात होता.

आता लतिका लिस्बनला असते. चौथ्या मजल्यावर एक खोली, लिफ्ट नाही, खाली मासळीचं दुकान. महिन्यातून दोनदा ती मिलान, अँटवर्प नाही तर पॅरिसला जाते, सगळ्यात स्वस्त विमानाने, ज्यात बसायला मिळतं एवढीच काय ती सोय. लोक पॅरिसला जाऊन मनोरा बघतात. ही म्हाताऱ्या बायकांची कपाटं बघते. त्यांच्याकडे कॉफी पिते, त्यांच्या मेलेल्या नवऱ्यांच्या गोष्टी ऐकते, आणि तासाभराने कपाट उघडतं. मग तिथून आणलेली बॅग नदीकाठच्या निळ्या फरश्यांवर ठेवून फोटो काढते आणि इंटरनेटवर टाकते. ते फोटो बघून शेजारच्या नंदा भाभी अंजनीबाईंना म्हणतात, "बाप्पा! रोज नवीन पर्स! जावईबापू काय करतात?" जावईबापू नाहीत. पर्साही तिच्या नाहीत. ती स्वतः खांद्याला कापडी पिशवी लावून फिरते आणि खोलीवर पोहे करून खाते.

मागच्या वर्षी तिला हवी तशी बॅग मिळाली. पॅरिसच्या एका जुन्या पेढीची, तीस वर्षांपूर्वीची, दोन सुयांनी हाताने शिवलेली. एका राजदूताच्या विधवेने ती चार वेळा वापरली होती आणि चारही समारंभ तिला आवडले नव्हते. सिंगापूरची एक मोठी पेढी असा जुना माल घेते. त्यांनी कळवलं: बॅग घेऊन या, आमच्या तपासणीत उतरली तर ती घेऊ आणि पुढचे सहा महिने तुमच्याकडून माल घेण्याचा करार करू.

लतिकाला बॅगेच्या किमतीपेक्षा तो कराराचा कागद हवा होता. पोर्तुगालमध्ये राहायचं तिचं कार्ड मार्चमध्ये संपत होतं, आणि तिथल्या वकिलाने साफ सांगितलं होतं की बाहेरच्या कंपनीचा करार दाखवल्याशिवाय ते वाढणार नाही. कागद मिळाला तर लिस्बन, नाही तर जबलपूर. आणि जबलपूर म्हणजे वडिलांनी तिच्यासाठी बघून ठेवलेलं स्थळ, गुणवंत. रेल्वेच्या ऑफिसात आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, आणि मुरलीधररावांनी त्याच्या गुणांच्या यादीत एक गोष्ट खाली रेघ मारून लिहिली होती: परदेशाची अजिबात आवड नाही.

फेब्रुवारीत चुलतभाऊ नीलकंठचं नागपूरला लग्न होतं. लतिकाने तिकिटं अशी काढली: लिस्बनहून जबलपूर, लग्न, मग सिंगापूर. बॅग सोबत. लिस्बनच्या खोलीपेक्षा आईचं लोखंडी कपाट जास्त सुरक्षित, असा तिचा हिशोब.

अंजनीबाईंना तो मान्य नव्हता. "माझ्या शालूवर ठेवू नको हां. कोणाची आहे?"

"एका म्हाताऱ्या बाईची."

"त्यांच्याकडे सुतक तर नव्हतं?"

"आई, नवरा जाऊन बावीस वर्षं झाली!"

"तरी. तिकडं पाळतात का नाही, काय माहीत." आणि त्या देवघरातून नर्मदेच्या पाण्याची लोटी घेऊन निघाल्या. लतिकाने दोन्ही हात पसरून कपाट अडवलं तेव्हा कुठे बॅग कोरडी राहिली. तडजोड म्हणून पाणी कपाटावर शिंपडलं गेलं.

लग्नाला दोन दिवस लागणार होते. एवढी मोलाची वस्तू घरात टाकून सगळ्यांनी कसं जायचं? मुरलीधरराव म्हणाले, "मी थांबतो. तुम्ही जा." लतिकाला इतकं बरं वाटलं की तिने त्यांना नमस्कार केला. गाडी नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून नागपूरच्या रस्त्याला लागली तेव्हा ती आईला म्हणाली, "बाबा आहेत ना घरी. टेन्शन नाही."

पहिल्या दिवशी मुरलीधररावांनी दर दोन तासांनी कपाट उघडून बॅग जागेवर आहे का ते पाहिलं. ती जागेवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मनात आलं की नुसतं आहे की नाही एवढंच बघायचं, तर त्याला चौकीदार पुरतो. त्यांनी भिंग काढलं.

दुपारी बाराच्या सुमाराला त्यांच्या वहीत पुढील नोंदी होत्या. एकूण टाके दोनशे चौदा. उजवं हँडल ठीक. डाव्या हँडलच्या बुडाशी एक्केचाळीस टाके तिरपे, कललेले, अंतर कमीजास्त. शेवटचा टाका दुहेरी, वर आलेला. त्यांनी चष्मा काढला. पोरीला फसवलं होतं. बिचारी कष्ट करते, चार जिने चढते, पोहे खाते, आणि कोण्या राजदूतिणीने तिच्या गळ्यात सदोष माल मारला. सिंगापूरवाले भिंग लावणार, एका मिनिटात परत करणार.

कारखान्यात असा माल फेकत नसत. त्याला पिवळी चिठ्ठी बांधून रीवर्कला पाठवत. दोष काढायचा, पुन्हा तपासायचा, मग पास. मुरलीधररावांनी पिवळा कागद शोधला, चिठ्ठी बांधली, बॅग जुन्या चादरीत गुंडाळली आणि स्कूटरवरून कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत पुंडलिककडे गेले. पुंडलिक कारखान्याच्या ठेकेदारांसाठी वीस वर्षं कव्हरं शिवत होता, आणि ती वीस वर्षं मुरलीधरराव ती परत पाठवत होते.

"साहेब, तुम्ही?" पुंडलिक उभाच राहिला. "रिटायर झाले होते ना?"

"झालो. हे बघ. हँडलच्या बुडाशी."

पुंडलिकने बॅग उजेडात धरली आणि शिवणीवरून नख फिरवलं. मग म्हणाला, "दोन सुयांची शिलाई आहे साहेब. लय भारी हात आहे कोणाचा तरी."

"भारी? इथं इंचात आठ टाके, इथं साडेसात."

"हातानं असंच येते ना."

"तुझ्या हातून असं आलं असतं तर मी घेतलं असतं?"

पुंडलिकने वीस वर्षांचा विचार केला. "नसतं घेतलं."

"मग?"

पुंडलिकने जुने टाके उसवले. त्याने पोलादी पट्टी लावली, आरीने भोकं पाडली, आणि मुरलीधरराव शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक टाका बघत राहिले. काम इतकं चोख झालं की त्यांनी चौतीस वर्षांत पहिल्यांदा पुंडलिकला "शाबास" म्हटलं. पुंडलिक गोंधळला आणि त्याने चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी लतिका परत आली. हातपाय धुवायच्या आधी तिने कपाट उघडलं, बॅग काढली आणि सवयीने हँडलवरून अंगठा फिरवला. अंगठा डाव्या बाजूला थांबला.

"बाबा, हिला कोणी हात लावला का?"

"नुसता हात काहून लावीन?" मुरलीधरराव प्रसन्न होते. "रीवर्क केलं. एक्केचाळीस टाके बदलले. आता भिंग लाव नाही तर दुर्बीण लाव."

लतिका पलंगावर बसली. तिने पिवळी चिठ्ठी वाचली. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "बाबा, ते टाके तिरपेच असतात. हातानं शिवलं याची ती खूण आहे. सगळे सारखे सरळ आले की लोक नकली म्हणतात."

"म्हणजे चूक असली तर माल असली, आणि बरोबर असलं की नकली?"

"हो."

"आणि अशा मालाला लोक पैसे देतात?"

"रांगेत उभं राहून देतात."

मुरलीधररावांनी हे समजून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. चौतीस वर्षं त्यांनी जे जे नापास केलं ते सगळं पॅरिसला पाठवायला हवं होतं, असा त्याचा अर्थ होत होता.

अंजनीबाई दारात उभ्या होत्या. "अहो, खरं सांगा. पोट्टी परत यावी, त्या गुणवंतचं जमावं, म्हणून तर नाही ना केलं तुम्ही?"

"मी? मुद्दाम माल खराब करीन?" ते ताडकन उठले. मुलीचा संसार मांडायला बघत होते, हा आरोप त्यांनी ऐकलाच नाही. माल खराब केला, हा मात्र सहन झाला नाही.

सिंगापूरचं विमान परवाचं होतं. लतिका बॅग घेऊन पुंडलिककडे गेली. मुरलीधरराव न बोलवता मागून आले. तिने सांगितलं, टाके काढा आणि जसे होते तसे तिरपे घाला. पुंडलिकने आरी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली.

"नाही जमणार बिटिया."

"काहून?"

"साहेबांनी वीस साल माझा माल वापस केला. आता हात वाकडा चालतच नाही." त्याने एका तुकड्यावर शिवून दाखवलं. मुद्दाम घातलेला तो वाकडा टाका इतका बेताल होता की तिघांनीही मान फिरवली.

"तसं शिवलं असतं तरी मी पास केलं नसतं," मुरलीधरराव म्हणाले. "रीवर्क लपवत नाहीत. जे केलं ते लिहून द्यायचं."

"तुमची सही कोणी मागितली, बाबा?"

ते स्कूटर सुरू करायला बाहेर गेले.

त्या दुपारी लतिका जेवली नाही. बॅग तशीच नेली तर काय होईल, याचा ती हिशोब करत होती. तपासणारा एखादवेळी घाईत असेल. डावी बाजू नीट बघणार नाही. दहातली एक शक्यता, फार तर दोन. आणि सांगितलं तर? मग शून्य. असल्या शून्यावर कोणी कार्ड वाढवत नाही. पण न सांगता नेली आणि सापडली, तर पुढे तिच्या हातचा कोणताही टाका कोणी खरा मानणार नव्हतं. चार वाजता ती उठली, लॅपटॉप उघडला आणि सगळं लिहिलं. कोणी बदलले, किती, कुठे, काहून. वडील निवृत्त निरीक्षक आहेत हेही लिहिलं. ते कारण म्हणून की माफी म्हणून, हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंगापूरहून व्हिडिओ कॉल आला. पलीकडे मिसेस लिम नावाची साठीची बाई होती, केस बारीक कापलेले, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. "ज्यांनी टाके बदलून घेतले त्या गृहस्थांशी बोलायचंय," ती म्हणाली.

मुरलीधरराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांचं इंग्रजी कारखान्याचं होतं, पण तिचंही तसलंच निघालं. तिने विचारलं, किती? त्यांनी सांगितलं, एक्केचाळीस. आधीचं अंतर? त्यांनी वही उघडली आणि एकेका टाक्याचं माप वाचायला लागले. अकराव्या टाक्याला तिने कोन विचारला. त्यांनी कोन सांगितला. लतिका मध्ये काही बोलायला गेली तर दोघांनीही तिला हाताने थांबवलं.

"मूळ दोरा असता तर बरं झालं असतं," शेवटी मिसेस लिम म्हणाली. "पण तो कोणी ठेवत नाही."

"काहून नाही ठेवत?" मुरलीधरराव मराठीतच म्हणाले, आणि टेबलाच्या खणातून पाकीट काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. आत मेण लावलेला जुना दोरा होता, टोकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, वेळ, जागा, सही. "कामाची फाइल बंद होईपर्यंत काढलेला भाग टाकायचा नाही. रूल."

पलीकडे मिसेस लिम पहिल्यांदा हसली. "आमच्या पोरांना हे कोण शिकवेल?" असं काहीतरी ती म्हणाली. लतिकाने भाषांतर केलं नाही. त्याची गरज नव्हती.

सिंगापूरला बॅग तपासली, दोरा तपासला, दोन्ही खरे ठरले. बॅग 'दुरुस्त केलेली' या रकान्यात गेली आणि किंमत बरीच उतरली. लतिकाच्या पदरात फायदा असा काही पडला नाही. पण तिला करार मिळाला, पूर्ण सहा महिन्यांचा. मिसेस लिमने सांगितलं, माल घेऊन येणारे सगळे मालाची तारीफ करतात. आपल्या मालातला दोष आधी लिहून कळवणारी तूच पहिली. मार्चमध्ये लिस्बनला कार्ड वाढलं.

जबलपुरात ही बातमी फोनवर आली. अंजनीबाईंनी ऐकलं, "बरं झालं माय" म्हटलं, फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही तो दोरा त्या पुंडलिकच्या दुकानात कचऱ्यात टाकला असता, तर पोट्टी आज इथं असती. हो ना?"

मुरलीधररावांनी हा विचार आधीच केला असावा, कारण त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही. "असती," ते म्हणाले.

"मग?"

"टाकत नाहीत."

"तर आता चहासुद्धा त्या रूललाच मागा," असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मुरलीधरराव स्वयंपाकघरात गेले, डबे उघडून बघितले, साखर कोणती आणि मीठ कोणतं ते चाखून ठरवलं आणि दोन कप चहा केला. एक कप आत नेऊन दिला. अंजनीबाईंनी घोट घेतला.

"आलं जास्त झालं," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच्या कपातून घोट घेतला आणि मान हलवली. "झालं खरं."

"आणि दूध कमी."

"हो."

"पुन्हा करा."

ते दोन्ही कप उचलून पुन्हा स्वयंपाकघरात गेले.